कापडी बाहुली : बनवा, विका, पण आधी कारागीर कार्ड काढा

नंदुरबार : नर्मदेपलीकडच्या झाबुआत भिल्ल पेहरावातल्या कापडी बाहुल्या बनवणाऱ्या रमेश व शांती परमार दाम्पत्याला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्याकडेही काठीच्या होळीतला बुध्या किंवा नवरा-नवरीची जोडी ऑर्डरप्रमाणे बनवता येते.

कशी बनवायची : कागदाचा फर्मा ठेवून सुती कापडाचे दोन तुकडे कापा. उलट्या बाजूने शिवा, थोडी फट सोडा. सुलट करून कापूस गच्च भरा आणि फट शिवून घ्या. केसांना काळी लोकर. लहान मुलांसाठी असेल तर मणी, बटण लावू नका, तोंडात जातात. डोळे दोऱ्याने भरा.

ऑर्डर : फोटो, उंची, कपड्याचा रंग व्हॉट्सअपवर लिहून घ्या. निम्मे पैसे आधी घ्या, कारण नावाची बाहुली दुसरा कोणी घेत नाही. भावात सामान, पार्सल आणि स्वतःची मजुरीही धरा. दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा विक्रीला चांगली.

नियम : १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क बंधनकारक आहे. मात्र विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या मालाला सूट आहे. म्हणून त्यांचे 'पहचान' कार्ड आधी काढा.

मदत : पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत पारंपरिक बाहुली-खेळणी कारागीरही आहेत. अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिले कर्ज १ लाखापर्यंत मिळते. एका कुटुंबातून एकच अर्ज चालतो. नोंदणी सीएससी केंद्रात होते.