पंचेचाळीस अंशांच्या वाऱ्यावर निवणारे इंजिन

काशीच्या पंचगंगा घाटावर गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच प्रवाहांचा संगम मानला जातो. डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा. बिंदुमाधवाचे मंदिर, वरची आलमगीर मशीद आणि अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेला हजारा दीपस्तंभ यांमुळे हा घाट मराठी यात्रेकरूंनाही अनोळखी नाही. मात्र इथवर रिक्षा येत नाही. ती अलीकडच्या रस्त्यावर सोडायची आणि अरुंद गल्ल्यांतून पायी उतरायचे. त्यामुळे घाटाच्या एका बाजूला नावेचे इंजिन असते, दुसऱ्या बाजूला रिक्षाचे. दोघांपुढचा प्रश्न एकच: निर्माण झालेली उष्णता टाकायची कुठे? नावेच्या तळाखाली पाणीच पाणी आहे. रिक्षाच्या वाट्याला येतो तो वारा, आणि मे महिन्यात काशीचा वारा पंचेचाळीस अंशांपर्यंत तापतो. त्या वाऱ्यावर इंजिन निवते कसे, या प्रश्नाच्या उत्तरात शंभर वर्षांचा तंत्र-इतिहास दडलेला आहे.

लहान पेट्रोल इंजिनात इंधनातील ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांच्या कामी येतो. उरलेली ऊर्जा काही धुराबरोबर आणि काही सिलिंडरच्या भिंतींतून बाहेर पडते. भिंतींतली ही उष्णता वेळीच काढून नेली नाही, तर तेलाचा थर मोडतो, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला चिकटून बसतो. उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात कोणी धरू शकत नाही. एक घनमीटर पाणी एक अंशाने तापताना जेवढी उष्णता घेते, तेवढी घ्यायला सुमारे साडेतीन हजार घनमीटर हवा लागते. मग शहाण्या अभियंत्यांनी हवेचा नाद का धरला?

पाणी हे केवळ मध्यस्थ असते, हे त्याचे पहिले उत्तर. मोटारीतील पाणी इंजिनाची उष्णता रेडिएटरपर्यंत नेते, आणि तिथे ती अखेर हवेलाच द्यावी लागते. पाणी, पंप, नळ्या, रेडिएटर हा सगळा संसार वगळून सिलिंडरवरच पातळ फिन ओतल्या आणि त्यांवरून थेट हवा फिरवली, तर वजन वाचते, खर्च वाचतो आणि गळण्या-गोठण्याची भीती जाते.

दुसरे उत्तर अधिक सूक्ष्म आहे. उष्णता किती वेगाने बाहेर पडणार, हे तापलेला पृष्ठभाग आणि भोवतालची हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. रेडिएटरमधले पाणी साधारण ९० अंशांवर असते. हवा २० अंशांची असेल तर फरक ७० अंशांचा. काशीच्या मे महिन्यात तोच ४५ अंशांवर येतो, म्हणजे सुमारे ३६ टक्क्यांनी घटतो. हवेवर निवणाऱ्या इंजिनाचे हेड मात्र २०० अंशांच्या आसपास असते. तिथे १८० अंशांचा फरक १५५ होतो. घट अवघी १४ टक्के. स्वतः अधिक तापलेले असल्यामुळेच त्या इंजिनाला उन्हाळ्याची झळ कमी लागते. कडक उन्हात हवेवरचे इंजिन लवकर दगा देईल, हा सर्वसामान्य समज हे गणित उलटा पाडते.

युरोपात हा विचार मोटारींत उतरला. चेकोस्लोव्हाकियातील हान्स लेडविंका यांची टाट्रा ७७ ही गाडी १९३४ मध्ये आली. तिचे आठ सिलिंडरांचे, हवेवर निवणारे इंजिन मागच्या बाजूला होते. त्याच दशकात जर्मनीत फर्डिनांड पोर्शे यांच्या चमूने फोक्सवॅगनचे चार आडव्या सिलिंडरांचे इंजिन घडवले. या साम्यावरून टाट्रा आणि फोक्सवॅगन यांच्यात उद्भवलेला वाद युद्धानंतर न्यायालयाबाहेर मिटवण्यात आला. २३ एप्रिल १९४७ रोजी बेन पोन या डच व्यापाऱ्याने वहीच्या पानावर एका चौकोनी गाडीचे रेखाटन केले, आणि त्यातून १९५० मध्ये तीच रचना व्हॅनमध्ये आली. सुरुवातीचे इंजिन ११३१ घनसेंटीमीटरचे आणि सुमारे २५ अश्वशक्तीचे होते.

इंजिन मागे, बंद डब्यात असल्यामुळे धावत्या गाडीचा वारा त्याला लाभत नाही. म्हणून जनरेटरच्या आसावर पंखा बसवला होता. पुढच्या काळातील इंजिनांत, भरधाव वेगात तो सेकंदाला सुमारे अर्धा घनमीटर हवा पत्र्याच्या कवचातून सिलिंडरांवर ढकलत असे. या रचनेतली एक उणीव बोधप्रद आहे. तेल थंड करणारा भाग त्याच कवचात, तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत उभा होता. परिणामी त्या सिलिंडरला कमी आणि आधीच तापलेली हवा मिळे. त्यावर तोडगा म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या कॅमला असा आकार दिला गेला, की तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी इतरांपेक्षा काही अंश उशिरा पडावी आणि तो कमी तापावा. १९७०च्या दशकारंभी तेलाचा तो भाग कवचाबाहेर नेऊन त्याला स्वतंत्र हवा दिली, तेव्हा दुखण्याच्या मुळावर इलाज झाला.

१९६०-७०च्या दशकांत युरोपातून इस्तंबूल, तेहरान, काबूलमार्गे काशी, काठमांडू आणि गोव्याकडे निघालेल्या तरुणांच्या तांड्यांत अशा व्हॅन सर्रास असत. काबूल सुमारे १८०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा विरळ, आणि गंगेच्या मैदानात ती तापलेली. वाटेत पाणी भरण्याची चिंता नव्हती. वाल्व्हचे अंतर मात्र इंजिन पूर्ण थंड असताना, ०.१५ मिलिमीटरला, स्वतःच्या हाताने लावावे लागे. १९७९ मधील इराणची क्रांती आणि त्याच वर्षअखेर अफगाणिस्तानात शिरलेले सोव्हिएत सैन्य यांनी ही वाट बंद केली.

भारतात या तत्त्वाचा खरा प्रसार मात्र व्हॅनने केला नाही. तो केला रिक्षाने. इटलीच्या पियाजिओ कंपनीने व्हेस्पा स्कूटरचे पेटंट २३ एप्रिल १९४६ रोजी दाखल केले. बेन पोनच्या रेखाटनाच्या बरोबर एक वर्ष आधी. तिचे रचनाकार कोराडिनो दास्कानिओ हे मूळचे विमान-अभियंता. त्यांनी फ्लायव्हीललाच पाती जोडून पंखा केला. व्हेस्पापासून तीनचाकी 'आपे' निघाली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस पुण्याचे उद्योजक नवलमल फिरोदिया यांना त्या मालवाहू तीनचाकीत प्रवासी रिक्षा दिसली. माणसाने माणसाला ओढण्याच्या प्रथेला तो पर्याय होता. बजाजने १९६० मध्ये पियाजिओच्या परवान्याखाली उत्पादनाला हात घातला. करार १९७१ मध्ये संपला, आणि १९७७ मध्ये मागे इंजिन असलेली रिक्षा आली. तिचे सुमारे १४५ घनसेंटीमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन फ्लायव्हीलच्या पंख्यावर निवत असे. सिलिंडर लहान असणे हेही पथ्यावर पडले. आकार दुप्पट केला तर घनफळ आठपट वाढते, पृष्ठभाग मात्र चौपटच. म्हणून लहान सिलिंडरला अंग निववणे सोपे जाते.

या इंजिनावर तापमान दाखवणारा काटा नव्हता. मिस्त्री ते प्लगच्या रंगावरून ओळखत. बदामी रंग म्हणजे मिश्रण योग्य. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढुरका रंग म्हणजे पेट्रोल कमी आणि उष्णता धोक्याच्या पातळीवर. आत येणारे पेट्रोल वाफ होताना इंजिनाला आतून निववते, हे त्यामागचे भौतिकशास्त्र. पंखा इंजिनाच्याच वेगाने फिरतो, म्हणून चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन रेटणे घातक. तिथे भार मोठा असतो आणि वारा थोडा. 'गिअर खाली घे' हा गॅरेजमधला सल्ला उष्णतेच्या हिशेबातूनच आला होता.

पेच निर्माण झाला तो ट्युनिंगमध्येच. मायलेज वाढावे म्हणून कार्बोरेटर आवळला की पिस्टन चिकटण्याची भीती, आणि पिस्टन चिकटला की त्या दिवसाची कमाई बुडाली. म्हणून पेट्रोलमध्ये तेल थोडे जास्तच टाकण्याकडे चालकाचा कल असे. इंजिन वाचे, निळसर धूर रस्त्यावर येई. त्यात टू-स्ट्रोक रचनेत ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराड्यातून निसटतो. हा दोष टू-स्ट्रोकचा आहे, हवेवर निवण्याचा नव्हे. परंतु हवेवरच्या इंजिनाचे तापमान भार आणि ऋतूनुसार बरेच हलते. त्यामुळे सिलिंडर-पिस्टनमधली फट सैल आणि मिश्रण दाट ठेवावे लागते. ज्वलन काटेकोर ठेवायचे तर तापमान स्थिर हवे, आणि तिथे थर्मोस्टॅट लावलेल्या पाण्याची सरशी होते.

हा हिशेब अखेर न्यायालयात आणि कायद्यात मांडला गेला. २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील १९९० पूर्वीच्या रिक्षा व टॅक्सींच्या जागी स्वच्छ इंधनावरील वाहने आणण्याचा आदेश दिला. जगातही माघार सुरू होती. पोर्श ९११ ने १९९०च्या दशकाच्या अखेरीस हवेवरचे इंजिन सोडले, ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे अखेरची बीटल बाहेर पडली, आणि ब्राझीलमध्ये बनणाऱ्या व्हॅनने २००५ च्या अखेरीस पाण्याचा आधार घेतला. भारतात एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके आली. तरीही हवा आणि तेल यांच्या जोडीवर निवणारी मोटारसायकलींची इंजिने इंधन-इंजेक्शनच्या बळावर ती पाळत आहेत. त्यामुळे हे तत्त्व मेलेले नाही. ते लहान सिलिंडरापुरते उरले आहे.

काशीतही बदल घाटापर्यंत पोहोचला आहे. २०२१ पासून डिझेलच्या नावा सीएनजीवर आणण्याचे काम सुरू झाले, आणि पंचगंगेच्या उत्तरेला राजघाटाजवळच्या नमो घाटावर तरंगते सीएनजी केंद्र उभे राहिले. रस्त्यांवर ई-रिक्षा वाढल्या आहेत. त्या धूर सोडत नाहीत. पण उष्णतेचा जुना प्रश्न त्यांच्यासमोर उलट्या रूपात उभा आहे. दोनशे अंशांच्या हेडला पंचेचाळीस अंशांची हवा शीतळ होती. लिथियम बॅटरीचे आयुष्य टिकवायचे तर तिला साधारण चाळीस अंशांच्या आत ठेवावे लागते. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी तापमानांतील फरकाचे चिन्हच बदलते. पंखा कितीही जोरात फिरवला तरी तो वारा बॅटरीला निववणार नाही, तापवेल. महागड्या विद्युत मोटारी त्यासाठी शीतकद्रव्य आणि वातानुकूलन यंत्रणेचा आधार घेतात. सवारीमागे मोजके रुपये कमावणाऱ्या ई-रिक्षाचालकाला तो परवडत नाही; बॅटरी लवकर खालावली तर भुर्दंड त्यालाच बसतो. त्याला परवडेल अशी, उन्हाळ्यात टिकणारी बॅटरी-शीतन व्यवस्था घडवणे हे आजच्या अभियंत्यांपुढचे काम आहे.