बी-बियाणे, भांडवल आणि वेतन : राज्याश्रय व समाजाच्या आर्थिक उभारणीचा इतिहास

दारिद्र्य हे व्यक्तीच्या कर्माचे फळ मानले की राज्यकर्त्यांवर कोणतीच जबाबदारी उरत नाही. दारिद्र्याला सामाजिक कारणे असतात असे एकदा मान्य केले, की ती कारणे दूर करण्याचे उत्तरदायित्व राज्यसंस्थेकडे येते. भारताच्या इतिहासात हा विचार स्पष्ट शब्दांत आणि राज्यकारभाराच्या भाषेत प्रथम मांडणाऱ्या ग्रंथांत पाली सुत्तपिटकाचे स्थान मोठे आहे. प्रस्तुत लेखात त्या विचाराचे सूत्र ध्यानात ठेवून महाराष्ट्रातील जमीन, रोजगार आणि भांडवल या तीन क्षेत्रांत शासनाने दिलेल्या साहाय्याचा व त्यासाठी समाजाने केलेल्या प्रयत्नांचा आढावा घ्यावयाचा आहे.

दोन सुत्ते, दोन धोरणे

दीघ निकायातील कूटदंत सुत्तात मगधातील खाणुमत गावचा कूटदंत ब्राह्मण मोठ्या यज्ञाच्या तयारीत आहे. शेकडो पशू यूपाशी आणून ठेवले आहेत. यज्ञविधी विचारण्यासाठी तो भगवंतांकडे येतो, तेव्हा भगवंत त्याला महाविजित राजाची कथा सांगतात. राजाला महायज्ञ करावयाचा असतो. परंतु राज्यात चोऱ्या व लूट माजलेली असते. पुरोहित त्याला सांगतो की, अशा वेळी नवा कर बसविणे अयोग्य होईल, आणि वध, बंधन, दंड वा हद्दपारी यांनीही उपद्रव मिटणार नाही. जे उरतील ते पुन्हा तेच करतील. उपाय एकच : जे शेती व पशुपालन करतात त्यांना बियाणे व अन्न द्यावे, जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्यावे, जे राजसेवेत आहेत त्यांना भोजन व वेतन द्यावे. लोक आपापल्या कामात गुंतले की राज्य निर्भय होते आणि राजाचा कोषही वाढतो.

याच निकायातील चक्कवत्ति सीहनाद सुत्तात याची दुसरी बाजू आली आहे. तेथील राजा रक्षणाची व्यवस्था करतो. मात्र निर्धनांना धन देत नाही. दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी उद्भवते. पकडलेल्या चोराला राजा धन देऊन सोडतो. ते ऐकून इतरही चोरी करू लागतात. मग राजा शिरच्छेदाची शिक्षा सुरू करतो, तर लोक शस्त्रे हाती घेतात.

दोन्ही कथा शेजारी ठेवल्या म्हणजे एक महत्त्वाचा भेद दिसून येतो. दुसऱ्या राजाने धन दिले, पण ते उशिरा, संकट दारी आल्यावर आणि एकेका व्यक्तीचे तोंड बंद करण्यासाठी दिले. महाविजिताने उत्पादनाचे साधन दिले, ते आधी दिले आणि सर्व काम करणाऱ्यांना दिले. साधन देणे व खैरात देणे यांतील हा फरक पुढील सर्व इतिहासाला लावून पाहता येतो.

वतनाची बेडी आणि १९४७ चे निवेदन

पश्चिम महाराष्ट्रातील अस्पृश्य समाजापुरते बोलावयाचे तर शासनाशी त्याचा पहिला आर्थिक संबंध महार वतनाच्या रूपाने आला. १८७४ च्या वंशपरंपरागत अधिकाराच्या कायद्याने या वतनाला कायदेशीर चौकट मिळाली. वतनाच्या जमिनीचे तुकडे पिढ्यान्‌पिढ्या लहान होत गेले, आणि त्यांच्या मोबदल्यात संपूर्ण कुटुंब अहोरात्र सरकारी व गावकीच्या कामास बांधले गेले. जमीन होती, पण ती स्वातंत्र्याचे साधन होण्याऐवजी दास्याची खूण झाली. १९१८ मध्येच भारतातील लहान शेतीच्या प्रश्नावर निबंध लिहिणाऱ्या बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले. प्रखर विरोधामुळे १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. त्याच काळात स्टार्ट समितीचे सदस्य या नात्याने त्यांनी अस्पृश्यांच्या आर्थिक स्थितीची पाहणी केली. १९३० मध्ये आलेल्या या समितीच्या अहवालात शिक्षणाबरोबरच पडीक व जंगल जमिनी अस्पृश्यांना देण्याचा विचार होता.

या चिंतनाची परिणती १९४७ साली अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी तयार केलेल्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात झाली. शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन गावकऱ्यांना जातीचा भेद न करता कसण्यास द्यावी, ती त्यांनी सामुदायिकरीत्या कसावी, आणि पाणी, जनावरे, अवजारे, खत व बियाणे यांचा पुरवठा राज्याने करावा, अशी ती योजना होती. ही योजना सुत्तावरून घेतली, असा दावा येथे करावयाचा नाही. तिची मुळे अर्थशास्त्राच्या अभ्यासात व गावकुसाबाहेरच्या अनुभवात आहेत. तरीही राज्याने साधने पुरवावीत आणि श्रम व व्यवस्था लोकांच्या हाती असावी, ही दृष्टी दोन्हीकडे समान आहे, हे अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये. ही योजना संविधानात आली नाही. जे आले ते राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या रूपाने आले, आणि त्यामुळे प्रत्येक हक्कासाठी पुढे स्वतंत्रपणे झगडावे लागले.

जमीन : सत्याग्रहापासून सातबारापर्यंत

मुंबई कनिष्ठ ग्राम वतने निर्मूलन अधिनियम १९५८ मध्ये झाला. सेवेची सक्ती संपली. जमिनी मूळ वतनदारांना पुन्हा प्रदान करण्याची तरतूद झाली. मात्र त्यासाठी ठरावीक मुदतीत कब्जाची रक्कम भरणे आवश्यक होते. ज्यांच्याजवळ ती रक्कम नव्हती, ज्यांना मुदतच कळली नाही, त्यांचे हक्क कागदावरच राहिले. जमीन परवानगीशिवाय विकता येणार नाही, अशी संरक्षक अट घातली गेली. तरीही शहरांच्या कडेला आलेल्या अशा जमिनींचे व्यवहार आजही वादाचा विषय आहेत.

ज्यांच्याकडे वतनही नव्हते अशा भूमिहीनांचा प्रश्न कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी हाती घेतला. १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आणि ६ डिसेंबर १९६४ पासूनचा देशव्यापी सत्याग्रह हे रिपब्लिकन चळवळीचे सर्वांत व्यापक आर्थिक लढे होत. १९६४ च्या मागण्यांत पडीक जमिनीचे वाटप, किमान वेतन आणि बौद्धांना सवलती यांचा समावेश होता. या लढ्यात स्त्रिया तान्ह्या मुलांसह तुरुंगात गेल्या. बौद्धांच्या सवलतींपैकी राज्याच्या अखत्यारीतील सवलती महाराष्ट्राने राज्यस्थापनेनंतर दिल्या. केंद्राची मान्यता मात्र १९९० साली मिळाली. धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षे समाजाने हा आर्थिक भार सोसला, याची नोंद इतिहासात ठळकपणे व्हावयास हवी.

गायरान व पडीक जमिनी प्रत्यक्ष कसणाऱ्यांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासकीय निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी झाला. त्यासाठी १४ एप्रिल १९९० पर्यंतचा कब्जा ग्राह्य धरण्यात आला. म्हणजे आधी लोकांनी नांगर धरला, खटले सोसले, पिके उद्‌ध्वस्त झालेली पाहिली, आणि शासनाची संमती नंतर आली. येथे एक विलक्षण गोष्ट घडली. गाव नमुना १-ई मधील अतिक्रमणाची नोंद, दंडाची पावती, पोलिसांतील गुन्ह्याची नोंद, जी एरवी अपराधाची खूण, तीच कब्जाचा पुरावा ठरू लागली. मराठवाड्यात एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने ही कागदपत्रे जमविण्याचे मोठे काम केले. २००४ साली शासनाने दादासाहेबांच्याच नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना सुरू केली. तिच्यात भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत अथवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद करण्यात आली. विकत घेण्याजोगी जमीन गावात मिळणे आणि ती विकण्यास मालक तयार होणे, या दोन अडचणींवर ही योजना वारंवार अडली.

दुष्काळ आणि रोजगाराचा हक्क

१९७० ते १९७३ या काळात महाराष्ट्रात लागोपाठ दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव ही कामे, आणि मुलांच्या हाती सुकडी, हे चित्र त्या पिढीच्या स्मरणात आहे. या कामांवर भूमिहीनांची, म्हणजेच फार मोठ्या प्रमाणावर दलितांची व स्त्रियांची, संख्या लक्षणीय होती.

या संकटाला एका पूर्वप्रयोगाचा आधार होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला होता. १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्यभर आली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम, न मिळाल्यास बेकारी भत्ता, अशी ही हमी होती. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसविण्यात आला आणि तेवढीच रक्कम राज्याने घालावी असे ठरले. शहरातील पगारदाराच्या करातून खेड्यातील मजुराचे वेतन, असा हा नागरी व ग्रामीण महाराष्ट्राला जोडणारा धागा होता. २००५ साली संसदेने केलेल्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याला महाराष्ट्राचाच हा अनुभव मार्गदर्शक ठरला.

या योजनेचे मोठेपण असे की, मजूर शासनापुढे याचक म्हणून उभा राहिला नाही. तिची उणीव मालमत्तेत होती. मजुरांनी पाझर तलाव बांधला, त्याचे पाणी झिरपून ज्याची विहीर त्याच्या मळ्यात गेले. बांधणाऱ्याकडे जमीनच नसल्याने त्याच्या वाट्याला मजुरीच्या पलीकडे काही आले नाही.

ही उणीव नेमकी ओळखणारा प्रयोग पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे १९७४ पासून विलासराव साळुंखे यांनी आरंभिला. पाणी पंचायत या नावाने तो ओळखला जातो. योजना गटाचीच असेल. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्ध्या एकरापुरते दिले जाईल. ऊस घेतला जाणार नाही. पाण्याचा हक्क जमिनीशी बांधला जाणार नाही. आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा राहील, असे त्याचे नियम होते. खर्चात सभासदांचा हिस्सा आणि शासनाचे अनुदान दोन्ही होते. नियम लोकांचे आणि साहाय्य शासनाचे, ही मांडणी १९४७ च्या निवेदनातील दृष्टीच्या जवळ जाणारी आहे. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्या समाजाने भूमिहीनाच्या पाण्याच्या हक्काची ही कल्पना अधिक आग्रहाने उचलावयास हवी होती.

शहर : भांडवलाची दारे

मुंबईच्या गिरण्यांनी खेड्यातील दलिताला रोख मजुरी दिली. परंतु अधिक वेतनाच्या विणकाम खात्यात त्याला प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उपस्थित केला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि तो आधारही खचला. नोकरीच्या पलीकडे स्वतःचा व्यवसाय उभा करण्यासाठी १९७८ साली महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच्या एका योजनेचे नावच ‘बीज भांडवल’ आहे. कूटदंत सुत्तातील दोन शब्द एका शासकीय अर्जावर एकत्र यावेत, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. या योजनेच्या आकृतिबंधात महामंडळाचा हिस्सा सुमारे वीस टक्के, अर्जदाराचा पाच टक्के आणि बँकेचा पंचाहत्तर टक्के होता. साहजिकच अंतिम निर्णय बँकेच्या व्यवस्थापकाच्या हाती गेला. तारण नाही, जामीनदार नाही, म्हणून प्रकरण परत. भांडवल देण्याचे वचन राज्याचे आणि नकार देण्याचा अधिकार बँकेचा, अशी ही विसंगती होती.

१९९७ च्या सुवर्णजयंती शहरी रोजगार योजनेने वस्तीतील स्त्रियांच्या गटांना व सामुदायिक विकास सोसायट्यांना स्थान दिले, आणि पुढे बचत गटांची चळवळ वाढली. गटात जामीन परस्परांचा असतो. त्यामुळे तारणाची अडचण काही अंशी दूर झाली. तथापि, लहान कर्जातून उपजीविका सावरते, उद्योग उभा राहत नाही, हेही तितकेच खरे आहे.

निष्कर्ष

या इतिहासातून तीन प्रश्न हाती येतात. कोणत्याही योजनेत निर्णय कोण घेतो? तयार झालेली मालमत्ता कोणाच्या नावावर चढते? आणि साहाय्य हक्क म्हणून मिळते की मेहेरबानी म्हणून? रोजगार हमी तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देते, दुसऱ्याला देत नाही. गायरानाचा निर्णय दुसऱ्याला उत्तर देतो, पण तो लोकांच्या लढ्याशिवाय आला नसता. बीज भांडवलाची योजना पहिल्याच प्रश्नावर अडखळते. पाणी पंचायतीसारखे प्रयोग तिन्ही प्रश्नांना उत्तर देऊ पाहतात, पण ते संख्येने थोडे आहेत.

यातून एक काम आपल्या हाती येते. १९५९ आणि १९६४ च्या सत्याग्रहींची पिढी मागे पडत चालली आहे. गावोगावच्या दंडाच्या पावत्या, समन्स, पट्टे आणि फेरफाराच्या नोंदी ट्रंकांत जीर्ण होत आहेत. प्रत्येक विहाराने आपल्या गावापुरती का होईना, अशा कागदांची एक नोंदवही करावी : जमीन कोणती, कोणी कसली, अर्ज कधी केला, निकाल काय लागला. इतिहासाच्या दृष्टीने ती अमूल्य सामग्री ठरेलच. परंतु जेथे सातबारावर अद्याप नाव चढलेले नाही, तेथे तोच कागद उद्या हक्काचा पुरावाही ठरेल.