पाऊस, ऊन आणि वीज

आपल्या जालना जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकऱ्याला सहज विचारा, "काय पाटील, वीज कशी आहे?" तो तुम्हांला उलट विचारील, "कोणत्या पाळीची? दिवसाच्या की रात्रीच्या?" वर्षानुवर्षे शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीपाळीने येत आली. रात्रीची पाळी आली की माणूस बॅटरी घेऊन, विंचूकाट्याची भीती मनात धरून, मोसंबीच्या बागेत पाणी द्यायला निघे. आता गावोगावी सौर पट्ट्या दिसू लागल्या आहेत. सौर पंप बसवण्यात आपला जिल्हा राज्यात आघाडीच्या जिल्ह्यांत आहे. तेव्हा साहजिकच प्रश्न येतो: उन्हाच्या भरवशावर सगळा कारभार चालेल का? ढग आले तर काय? सूर्य मावळल्यावर काय?

हा प्रश्न नवा वाटतो, पण तो तसा जुनाच आहे. आपल्या महाराष्ट्राने तो शंभर वर्षांपूर्वीच सोडवायला घेतला होता. फक्त तेव्हा भरवसा उन्हावर नव्हता, पावसावर होता.

पण आधी वीज चालते कशी, ते पाहू. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. जुन्या सायकलीचा डायनॅमो घ्या. मागचे चाक उचलून एका मुलाला पायडल मारायला सांगा. दिवा जोडलेला नसेल तर चाक हलके फिरते. दिवा जोडला की पायडल लगेच जड होते. म्हणजे वीज वापरणारा दिवा लावतो, आणि त्याच क्षणी ती करणाऱ्याच्या पायाला ओझे कळते. तारांतून वाहणारी वीज कणगीत भरून ठेवता येत नाही. जेवढी खपते तेवढीच त्या घटकेला तयार व्हावी लागते.

आता असे शेकडो डायनॅमो एकाच नांगराला जुंपलेल्या बैलांसारखे एकत्र बांधा. सगळ्यांनी एकाच चालीने चालायचे. आपल्या देशात ही चाल सेकंदाला 50 आवर्तनांची आहे. ओझे वाढले की चाल मंदावते, ओझे कमी झाले की वाढते. एक बैल अचानक बसला तर त्याचे ओझे बाकीच्यांवर पडते. त्यांना ते पेलले नाही तर एकामागून एक सगळेच बसतात. या सामायिक जुंपणीलाच वीजजाळे किंवा ग्रिड म्हणतात.

आता इतिहास ऐका. 1915 साली खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या कापडगिरण्यांना घाटातल्या पाण्याची वीज मिळू लागली. पाऊस तर चारच महिने. गिरणी मात्र बारा महिने चालायची! तोड काय काढली? लोणावळ्याच्या माथ्यावर तलाव बांधले. पाऊस साठवला, आणि लागेल तसा खाली सोडला. लहरी निसर्गाला भरवशाचा करायचा पहिला धडा हा: साठवण.

पुढे 1962 साली कोयनेची वीज आली. पण 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरजवळ मोठा भूकंप झाला. माणसे दगावली, घरे कोसळली, धरणाला तडे गेले, वीजघर बंद पडले. आणि तिथून दूर असलेले कारखानेही विजेवाचून थांबले. धरण पुढे मजबूत केले गेले. पण दुसरा धडा मिळाला: साठवण कितीही मोठी असो, सगळा भार एकाच बैलावर टाकू नये.

मग कोळशाची केंद्रे वाढली. कोराडी, चंद्रपूर आणि आपल्या मराठवाड्यात परळी. लोक म्हणाले, कोळशाला पावसाची पर्वा नाही. खरंच नाही? 2012-13 चा दुष्काळ आपल्या जिल्ह्यात कोण विसरेल? मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. त्याच दुष्काळात, फेब्रुवारी 2013 मध्ये, परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. कोळशाअभावी नव्हे, पाण्याअभावी! कारण कोळशाने वाफ करायची आणि ती थंड करायची तर पाणी लागतेच. म्हणजे पावसाच्या लहरीतून कोळसाही सुटलेला नाही.

यावर तिसरा उपाय निघाला तो लांबलांबचे प्रदेश जोडण्याचा. एकीकडे पाऊस नसला तर दुसरीकडे असेल. 2006 पर्यंत दक्षिण सोडून बाकी देश एका जुंपणीत आला, आणि 31 डिसेंबर 2013 रोजी आपल्या सोलापुराहून रायचूरला गेलेल्या वाहिनीने दक्षिणही जोडली गेली. सारा देश एका चालीने चालू लागला.

पण जोडणीला शिस्त लागते, बरं का! 2012 च्या जुलैअखेरचीच गोष्ट घ्या. उत्तरेत पाऊस कमी, म्हणून पंप जोरात. पश्चिमेकडे पाऊस झालेला, म्हणून मागणी कमी. पश्चिमेची वीज उत्तरेकडे धावली. मध्य प्रदेशातल्या बीना आणि ग्वाल्हेरमधल्या वाहिनीवर पेलवेना इतका भार आला, आणि ती सुटली. 30 जुलैला उत्तर भारत अंधारात गेला. 31 जुलैला उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तिन्ही विभाग. साठ कोटींहून अधिक लोकवस्तीचा मुलूख! आपला पश्चिम विभाग तेवढा वाचला. त्या दिवशी दोष ना पाण्याचा होता ना कोळशाचा. दोष होता आपल्या वाट्यापेक्षा जास्त ओढण्याचा.

आता उन्हाकडे वळू. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने 2017 साली सौर कृषी वाहिनीची योजना आणली. तिच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प आपल्या शेजारी, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावी 2024 साली सुरू झाला. रात्रीची पाळी चुकवायला याहून सरळ मार्ग नाही. पंपाला उन्हाच्या वेळी पाणी ओढता आले की शेतकऱ्याने अंधारात का जावे?

मात्र सौर पट्टीची एक उणीव ओळखून असावे. जात्याचा खुंटा सोडला तरी जाते दोन फेरे आपोआप घेते ना? पाण्यावरच्या आणि वाफेवरच्या अवजड यंत्रांतही असाच जोर असतो. क्षणभर धक्का बसला तरी ती चाल सांभाळतात. सौर पट्टीत फिरणारे जाते नसते. ढग आला की ती मंदावते, आणि संध्याकाळी, नेमके दिवे लागायच्या वेळी, थांबते. 28 एप्रिल 2025 रोजी भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन्ही देश काळोखात गेले. तेव्हा स्पेनमध्ये निम्म्याहून अधिक वीज सूर्याची होती. काहींनी लगेच सूर्याला दोष दिला. पण चौकशीत दिसले ते असे की, वाहिन्यांतला दाब, ज्याला आपण व्होल्टेज म्हणतो, तो वाढत गेला, तो आवरण्याची तजवीज अपुरी पडली, आणि केंद्रे एकामागून एक सुटली. बैल नवा होता म्हणून नव्हे, कासरा सैल होता म्हणून गाडी उलटली.

कासरा नीट धरला तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. 5 एप्रिल 2020 रोजी रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे मालवले गेले. मागणी सुमारे 31 हजार मेगावॅटने घटली आणि लगोलग परत वाढली. तरी जाळे ढळले नाही. कारण पाण्यावरची केंद्रे आधीच सज्ज ठेवली होती. त्यांचे पाणी मिनिटामिनिटाला कमी-जास्त केले गेले. उन्हाचा खरा जोडीदार पाणी आहे तो असा. आपल्या पैठणला नाथसागरावर 1984 पासून 12 मेगावॅटचे उलटसुलट फिरू शकणारे यंत्र आहे, आणि घाटघरला 2008 पासून 250 मेगावॅटचे केंद्र आहे. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचे, कमी पडेल तेव्हा खाली सोडायचे. खोपोलीचाच जुना धडा, नव्या रीतीने!

म्हणून, उन्हावर भरवसा ठेवावा का, या प्रश्नाला इतिहासाचे उत्तर असे: ठेवावा, पण त्याला एकटे जुंपू नये. साठवण हवी, जोडीदार हवा, आणि शिस्त हवी.

यातली शिस्त आपल्या हातची आहे. वीज आली रे आली की गावातले सगळे पंप ऑटोस्विचने एकदम सुरू होतात, आणि डीपी जळते. मग आठ-आठ दिवस पिके माना टाकतात. ज्यांचे पंप तारेवर आहेत त्यांनी ऑटोस्विच काढावा, पंपाला कॅपॅसिटर बसवावा, एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी बसून पाळ्या ठरवाव्यात. 2012 साली साठ कोटींच्या मुलुखात जे झाले, ते आपल्या बांधावरच्या डीपीत लहान प्रमाणावर होतच असते. तिथे जे गाव ओझे वाटून घ्यायला शिकेल, त्याला देशाचे जाळे कसे टिकते हे वेगळे शिकवावे लागणार नाही.