व्हेनिसचा डोज

डोज हा व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा निर्वाचित सर्वोच्च अधिकारी होय. हे पद तहहयात होते, परंतु वंशपरंपरागत नव्हते. 'नेता' वा 'सेनानी' या अर्थाच्या 'दुक्स' या लॅटिन शब्दापासून 'डोज' हा शब्द आला. परंपरेनुसार इ.स. ६९७ मध्ये निवडला गेलेला पाओलुच्चो अनाफेस्तो हा पहिला डोज मानला जातो. मात्र अनेक इतिहासकार आठव्या शतकातील ओर्सो इपातो यालाच पहिला ऐतिहासिक डोज मानतात. अखेरचा डोज लुदोविको मानिन याने १७९७ मध्ये पदत्याग केला. व्यापारावर जगणाऱ्या या नगरराज्याने आपल्या प्रमुखाला राजाचे वैभव दिले. राजाची सत्ता मात्र कधी स्थिर होऊ दिली नाही.

पार्श्वभूमी

आरंभीच्या काळात डोजची सत्ता जवळजवळ अनिर्बंध होती. आपल्या मुलाला सहशासक नेमून गादी घराण्यातच ठेवण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. ९७६ मध्ये चौथा प्येत्रो कांदियानो याच्याविरुद्ध लोकांनी उठाव केला. त्यात तो व त्याचा लहान मुलगा मारले गेले आणि राजवाडा जळाला. १०३२ मध्ये सहशासक नेमण्याची प्रथा बंद करण्यात आली. ११७२ मध्ये दुसरा व्हिताले मिकिएल याचा खून झाल्यानंतर डोजची निवड सर्वसाधारण जनसभेकडून काढून निवडक मतदारांकडे सोपवली गेली. याच सुमारास महापरिषद आकारास आली. १२९७ च्या सुधारणेनंतर तिचे सदस्यत्व ठरावीक घराण्यांपुरते मर्यादित होत गेले. त्यामुळे व्हेनिसची निवडणूक ही सर्व नागरिकांची नव्हे, तर व्यापारी सरदारवर्गाची निवडणूक होती.

निवडपद्धती

१२६८ मध्ये ठरलेली पद्धती थोड्याफार फरकाने प्रजासत्ताकाच्या अखेरपर्यंत टिकली. तिचे टप्पे असे होते:

१. महापरिषदेतील तीस वर्षांवरील सदस्यांतून सोडतीने ३० जण काढले जात. पुन्हा सोडत काढून त्यांतील ९ ठेवले जात.
२. हे ९ जण ४० जणांची निवड करीत. त्यांतून सोडतीने १२ उरत.
३. हे १२ जण २५ जणांची निवड करीत. त्यांतून सोडतीने ९ उरत.
४. हे ९ जण ४५ जणांची निवड करीत. त्यांतून सोडतीने ११ उरत.
५. हे ११ जण ४१ मतदार निवडीत आणि ते ४१ जण डोज निवडीत. विजयासाठी किमान २५ मते आवश्यक असत.

सोडतीचे गोळे काढण्यासाठी चौकातून एका लहान मुलाला आणले जाई. पाच सोडती आणि त्यांच्यामध्ये गुंफलेल्या चार निवडी यांमुळे अंतिम मतदार कोण असतील हे आधी सांगता येत नसे. साहजिकच मते विकत घेणे वा एखाद्या घराण्याने निकाल आधीच ठरवणे कठीण होई. त्याच वेळी दर निवडीला मोठ्या बहुमताची अट असल्याने कोणत्याही एका गटाला न खुपणारा, बहुधा वयोवृद्ध उमेदवार पुढे येई.

अधिकार आणि बंधने

पद स्वीकारताना डोजला एक सविस्तर प्रतिज्ञापत्र मान्य करावे लागे. प्रत्येक निवडणुकीपूर्वी त्यात नवी कलमे घातली जात. सहा सल्लागारांच्या उपस्थितीवाचून त्याला परकीय राज्यांची पत्रे उघडता येत नसत, तसेच परवानगीशिवाय शहर सोडता येत नसे. मृत्यूनंतर त्याच्या कारभाराची चौकशी होई आणि दोष आढळल्यास वारसांकडून दंड वसूल केला जाई.

नियम मोडणाऱ्यांना पदाचे संरक्षण नव्हते. सरदारवर्गाविरुद्ध कट केल्याबद्दल १३५५ मध्ये मारिनो फालिएरो याचा शिरच्छेद झाला. महापरिषदेच्या दालनातील डोजांच्या चित्रमालिकेत त्याच्या जागी आजही केवळ काळे वस्त्र रंगवलेले दिसते. चौतीस वर्षे पदावर असलेल्या फ्रांचेस्को फोस्कारी याला १४५७ मध्ये 'दहांच्या परिषदे'ने पायउतार होण्यास भाग पाडले. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो मरण पावला.

तथापि समर्थ व्यक्तीला या चौकटीतही वाव मिळे. वृद्ध आणि अंध असलेल्या एन्रिको दांदोलो याने चौथ्या धर्मयुद्धात नेतृत्व केले. त्या मोहिमेत १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटले गेले आणि व्हेनिसच्या सागरी व्यापाराचा मोठा विस्तार झाला.

प्रतीके

शिंगासारखे टोक असलेली टोपी हे डोजचे पदचिन्ह होते. दरवर्षी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाला तो शाही नौकेतून जाऊन समुद्रात अंगठी टाकीत असे. हा विधी व्हेनिस आणि समुद्र यांच्या विवाहाचे प्रतीक होता. १२८४ पासून पाडल्या जाणाऱ्या सोन्याच्या डुकाट नाण्यावर संत मार्क यांच्यापुढे गुडघे टेकून ध्वज स्वीकारणारा डोज दाखवलेला असे. मसाल्यांच्या व्यापारातून ही नाणी भारतात पोहोचली. त्यांवरील मानवाकृतींमुळे त्यांना 'पुतळी' म्हटले जाई. महाराष्ट्रातील पुतळीमाळेचे मूळ या नाण्यांशी जोडले जाते.

अखेर

नेपोलियनच्या सैन्याच्या दबावाखाली १२ मे १७९७ रोजी महापरिषदेने प्रजासत्ताक विसर्जित करण्याच्या बाजूने मत दिले आणि त्याबरोबर डोजपदही संपुष्टात आले. जेनोआ येथेही १३३९ पासून डोज हे पद होते. तेथे १५२८ नंतर त्याची मुदत दोन वर्षांची करण्यात आली.