मतभेद, ऑनलाइन संभाषणातील

लेखी, दूरस्थ आणि बहुधा चारचौघांदेखत चालणाऱ्या संभाषणात दुसऱ्याचे म्हणणे मान्य नसल्याचे दर्शवण्याच्या रीती. मूळ वाक्ये उद्धृत करून मुद्देसूद उत्तर देणे, बटण दाबून नापसंती नोंदवणे, नुसते हसण्याचे चिन्ह टाकणे आणि काहीच न बोलणे, हे सारे त्यांत मोडते. मतभेद सभ्य होणार की कडवट, हे बोलणाऱ्याच्या स्वभावावर ठरते असा सर्वसाधारण समज आहे. उपलब्ध पुरावा मात्र वेगळे सुचवतो: असहमतीसाठी हाती कोणते साधन दिले आहे आणि ते वापरायला काय किंमत पडते, यावर बरेच काही ठरते.

समोरासमोरच्या बोलण्यात नकार सहसा उशिराने येतो. संभाषण-विश्लेषक अनिता पॉमेरँट्झ यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले, की सहमती चटकन आणि थेट व्यक्त होते. असहमतीपूर्वी मात्र थांबा, चाचरणे किंवा अर्धी कबुली येते. ‘तुमचं खरं आहे, पण...’ ही मराठीतली सुरुवात त्याच जातीची. लेखी संदेशात हा थांबा दिसत नाही. उत्तर दहा सेकंदांनी लिहिले की दहा तासांनी, त्याचा पडद्यावरचा चेहरा एकच. गमावलेल्या खुणांची भरपाई करण्याचे प्रयत्न म्हणूनच फार लवकर सुरू झाले. कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी विरामचिन्हांपासून बनवलेला हसरा चेहरा सुचवला, तो थट्टा ही थट्टाच आहे हे कळावे म्हणून. इंटरनेटवरील शिष्टाचाराच्या १९९५ च्या मार्गदर्शक टिपणात (आरएफसी १८५५) भावनेच्या भरातले उत्तर पाठवण्यापूर्वी एक रात्र थांबावे, असा सल्ला आहे. बोलण्यातला जो विलंब आपोआप घडे, तो येथे नियम म्हणून सांगावा लागला.

सर्वांत तपशीलवार नोंदी मुक्त सॉफ्टवेअर घडवणाऱ्या समूहांच्या आहेत. अपाची प्रकल्पात मत अंकांत देतात: अधिक एक म्हणजे पाठिंबा, वजा एक म्हणजे विरोध. मध्ये अपूर्णांकही चालतात. वजा शून्य म्हणजे ‘मला हे पटत नाही, पण मी आड येणार नाही’. संहितेतील बदलाला एकाही अधिकृत सदस्याने वजा एक दिला तर तो नकाराधिकार ठरतो, मात्र सोबत तांत्रिक कारण हवे. कारण नसेल तर नकार बाद. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये डोकी मोजत नाहीत; २०१४ च्या आरएफसी ७२८२ नुसार प्रत्येक आक्षेपाचा विचार झाला की नाही हे पाहतात, तो मान्यच झाला पाहिजे असे नाही. पाच जण बाजूने आणि शंभर विरोधात असतानाही ढोबळ एकमत असू शकते, हे त्या टिपणाने उदाहरणासह मांडले आहे. दोन्हीकडे असहमतीला पूर्ण मोकळीक आहे, परंतु तिला कारण सोबत आणावे लागते. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर उत्तराला उणे मत देणाऱ्याचा स्वतःचा एक गुण कमी होतो. स्लॅशडॉटवर, आणि मराठीत ‘ऐसी अक्षरे’वर, प्रतिसादांना ‘माहितीपूर्ण’, ‘भडकाऊ’ अशा अर्थाच्या श्रेणी देता येतात. त्यांत ‘असहमत’ ही श्रेणी नाही. न पटलेला प्रतिसादही माहितीपूर्ण असू शकतो, हे ती यंत्रणा वाचकाला मान्य करायला लावते. प्रस्तुत विषयातील ही सर्वांत मोलाची कल्पना मानावी लागेल.

याच्या उलट टोकाला फेसबुक. तेथे २००९ मध्ये ‘लाइक’ आले आणि २०१६ मध्ये राग, हसू, दुःख इत्यादी प्रतिक्रियांची भर पडली. २०२१ मध्ये उघड झालेल्या अंतर्गत कागदपत्रांनुसार कोणता मजकूर लोकांपुढे आणायचा हे ठरवताना २०१७ पासून काही काळ या प्रतिक्रियांना ‘लाइक’च्या पाचपट वजन होते, रागाचे वजन २०२० मध्ये शून्यावर आणले गेले. दरम्यान, मजकुरावर संताप नोंदवणारा माणूसच तो मजकूर आणखी लोकांपुढे ढकलत होता. येथे असहमतीला कारण लागत नव्हते, किंमतही नव्हती, आणि तिचा परिणाम विरोधकाच्या हेतूच्या नेमका उलट होत होता.

साधनावर बरेच काही ठरते या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा, की खरा दोष निनावीपणाचा आहे. जॉन सुलर यांच्या २००४ च्या प्रसिद्ध लेखाचा आधार त्यासाठी घेतला जातो. पण ऑनलाइन वागण्यातला संयम सुटण्याच्या त्यांनी सांगितलेल्या सहा कारणांपैकी निनावीपणा हे केवळ एक आहे. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पटवणे सक्तीचे केले. ऑगस्ट २०१२ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने ती तरतूद रद्द केली; बेकायदा मजकुरात लक्षणीय घट दिसली नाही, हे त्यामागचे एक कारण होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कारण मागितले की कारण मांडता येणाऱ्यांचीच असहमती उरते. तांत्रिक भाषा, इंग्रजी आणि फुरसत ज्यांच्यापाशी नाही ते गप्प बसतात. हे खरे आहे, आणि अपाचीची रीत जशीच्या तशी सार्वजनिक चर्चेला लावता येणार नाही. मात्र कारण तांत्रिकच असले पाहिजे ही अट काढता येते. कारण हवे ही अट ठेवता येते. विनाकारण नकाराच्या गर्दीत याच लोकांचा आवाज आधी बुडतो, हेही विसरून चालणार नाही.

मौन : कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात वडीलधाऱ्यांच्या संदेशाला उत्तर न देणे हा नकार असू शकतो किंवा निव्वळ दुर्लक्षही, निळ्या खुणांवरून फरक कळत नाही.