अंधारात चमकणारी ड्रिंक्स आणि प्राणी: हा प्रकाश नक्की येतो कुठून?

निळं चमकणारं ड्रिंक, हिरवा उंदीर, रात्री उजळणाऱ्या लाटा. अशा रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. यातलं बरंचसं खरं असतं, पण सगळ्यांमागचं कारण एकच नसतं. ड्रिंकच्या बाबतीत तर हा फरक माहीत नसणं महागात पडू शकतं. चला, समजून घेऊया.

ओळखायची सोपी युक्ती

त्या वस्तूवर पडणारा प्रकाश बंद करून पाहा.

• चमक लगेच गेली: हा फ्लूरोसन्स. वस्तू यूव्ही किंवा निळा प्रकाश शोषते आणि तो दुसऱ्या रंगात बाहेर टाकते.
• चमक हळूहळू मंदावली: हा फॉस्फोरसन्स. वस्तू प्रकाशाची ऊर्जा काही वेळ साठवून ठेवते. उदाहरणार्थ, छतावर चिकटवायच्या चांदण्या.
• काहीच फरक पडला नाही: प्रकाश रासायनिक क्रियेतून येतोय. हीच क्रिया सजीवांच्या शरीरात झाली की तिला बायोल्युमिनेसन्स म्हणतात.

चमकणारी ड्रिंक्स

पार्टीतलं निळं ड्रिंक बहुतेक वेळा टॉनिक वॉटरचं असतं. त्याला कडू चव देणारं क्विनाईन यूव्ही प्रकाशात निळं चमकतं. सिंकोना झाडाच्या सालीतून मिळणारं हेच क्विनाईन पूर्वी मलेरियावरचं मुख्य औषध होतं. त्याची ही चमक जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्ये नोंदवली आणि १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी या प्रकाराला 'फ्लूरोसन्स' हे नाव दिलं.

घरी करून पाहायचं असेल तर नोटा तपासायचा छोटा यूव्ही टॉर्च पुरेसा आहे. फक्त तो डोळ्यांवर मारू नका. ग्लासात चमचाभर मीठ टाकलं की चमक कमी होते, कारण मिठातला क्लोराईड क्विनाईनची चमक दाबतो.

फोनचा फ्लॅश इथे चालत नाही. त्यातला एलईडी मुळात निळा असतो. त्यावरचा फॉस्फरचा थर पिवळसर प्रकाश देतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. त्यात यूव्ही जवळपास नसतोच. 'यूव्ही लाइट' नावाची ॲप्ससुद्धा फक्त स्क्रीन जांभळी करतात.

हे मात्र अजिबात करू नका: ग्लो स्टिक फोडून ड्रिंकमध्ये ओतणं. तिच्यात हायड्रोजन पेरॉक्साईड, डाय आणि इतर रसायनं असतात, शिवाय आत काचेची नळी असते. ती वाकवल्यावर फुटते तेव्हाच क्रिया सुरू होते. म्हणजे रसायनांबरोबर काचाही पोटात जाऊ शकतात. यूव्ही लाइट नसताना एखादं ड्रिंक काळोखात आपोआप चमकत असेल, तर 'यात काय घातलंय?' हे विचारल्याशिवाय पिऊ नका.

चमकणारे प्राणी

स्वतःचा प्रकाश असलेले: काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन, ऑक्सिजन आणि पेशीतली ऊर्जा (एटीपी) यांची क्रिया ल्युसिफरेज हे एन्झाइम घडवून आणतं. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर कधीकधी दिसणाऱ्या निळ्या लाटांमागे नॉक्टिल्युकासारखे सूक्ष्म जीव असतात. पाणी हललं की ते चमकतात.

प्रकाश टाकल्यावरच चमकणारे: विंचू यूव्हीखाली हिरवट-निळा दिसतो.

प्रयोगशाळेतले: ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एका जेलीफिशमधून हिरवं चमकणारं प्रोटीन वेगळं केलं. ते म्हणजे जीएफपी. १९९४ मध्ये मार्टिन चॅल्फी यांनी त्याचा जीन एका सूक्ष्म कृमीत टाकून दाखवला. त्यामुळे जिवंत पेशीत काय चाललंय ते थेट बघता येऊ लागलं. या दोघांना रॉजर चिएन यांच्यासह २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ग्लोफिश नावाचे रंगीत मासेही अशाच प्रोटीनमुळे चमकतात. तो मुळात आपल्याकडच्या नद्यांमध्ये सापडणारा झेब्राफिश. पण लक्षात ठेवा, हे प्राणी पूर्ण काळोखात चमकत नाहीत. त्यांच्यावर निळा किंवा यूव्ही प्रकाश टाकावा लागतो.

रील पाहताना

नाइट मोड अनेक फ्रेम्स एकत्र करतो, त्यामुळे व्हिडिओ-फोटोतली चमक डोळ्यांना दिसते त्यापेक्षा जास्त वाटते. प्रत्यक्षात एवढं झगमगीत दिसलं नाही तर फसलो असं समजू नका.

आणि पावसाच्या तोंडावर भंडारदरा किंवा पुरुषवाडीला काजवे बघायला गेलात, तर फ्लॅश आणि टॉर्च बंद ठेवा. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे नर-मादीचे एकमेकांना दिलेले सिग्नल. आपल्या उजेडात ते हरवतात आणि जोडी जुळत नाही.