दुखापत, भरपाई आणि कागदपत्रे : अमेरिकेतील स्पॅनिशभाषक स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा इतिहास (१९४२ ते २०२४)

प्रस्तावना

२६ मार्च २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथील फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर एक मालवाहू जहाज आदळले आणि पूल कोसळला. त्या वेळी पुलावरील खड्डे बुजविण्याचे काम करणारे सहा कामगार मृत्युमुखी पडले. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास आणि एल साल्व्हादोर या देशांतून ते आलेले होते. हा अपघात असाधारण असला, तरी त्यात बळी पडलेला वर्ग मात्र नेहमीचाच होता. अमेरिकी कामगार सांख्यिकी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार कामावरील मृत्यूंचे सर्वसाधारण प्रमाण एक लाख पूर्णवेळ कामगारांमागे ३.७ होते, हिस्पॅनिक अथवा लॅटिनो कामगारांमध्ये ते ४.६ होते. त्या वर्षी या समाजातील १,२४८ कामगार कामावर दगावले आणि त्यांपैकी ७९२ जण अमेरिकेबाहेर जन्मलेले होते.

अशा कामगाराला दुखापत झाल्यास कायदा त्याला काय देतो आणि दिलेले त्याच्या हाती कितपत पडते, या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. भरपाईचा हक्क श्रमातून निर्माण होतो, परंतु तो मागण्याचे धैर्य वास्तव्याच्या सुरक्षिततेतून येते. या दोहोंमधील अंतर हाच या इतिहासाचा मध्यवर्ती धागा आहे, असे दिसून येते.

भरपाई कायद्याची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात जखमी कामगाराला मालकाचा निष्काळजीपणा न्यायालयात सिद्ध करावा लागे. सहकाऱ्याची चूक, कामगाराची स्वतःची चूक किंवा धोका पत्करून स्वीकारलेले काम, यांपैकी कोणताही बचाव मालकाला पुरेसा ठरे. विसाव्या शतकाच्या आरंभी ही स्थिती बदलली. १९११ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात अमलात आलेला भरपाई कायदा टिकून राहिला. १९१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा असा कायदा घटनात्मक ठरविला आणि १९४८ मध्ये मिसिसिपीने कायदा केल्यावर सर्व राज्यांत ही पद्धत रूढ झाली.

या कायद्यांचे स्वरूप एका तडजोडीचे होते. दोष कोणाचा हे न पाहता कामगाराला वैद्यकीय खर्च आणि बुडालेल्या वेतनाचा काही भाग मिळावा. त्या बदल्यात त्याने मालकावर दिवाणी दावा लावण्याचा अधिकार सोडावा. मात्र हे कायदे केंद्राचे नसून राज्यांचे होते आणि अनेक राज्यांनी शेतमजुरांना त्यांतून वगळले. शेतीतील श्रमाचा मोठा भार मेक्सिकन मजुरांवर असल्याने, कायद्यात वंशाचा वा भाषेचा उल्लेख नसतानाही त्याचा फटका प्रामुख्याने त्यांनाच बसला. न्यू मेक्सिको राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शेतमजुरांना वगळणारी तरतूद घटनाबाह्य ठरविली, ती २०१६ मध्ये. टेक्सासमध्ये तर खाजगी मालकाने भरपाई विमा घ्यावा अशी सक्ती आजही सर्वसाधारणपणे नाही.

ब्रासेरो पर्व : करारातील हक्क

दुसऱ्या महायुद्धात मजुरांची टंचाई भासू लागल्याने ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिका व मेक्सिको यांच्यात मजूरपुरवठ्याचा करार झाला. ‘ब्रासेरो’ या नावाने ओळखली गेलेली ही योजना १९६४ अखेरपर्यंत चालली आणि तिच्यात सुमारे ४६ लाख करारपत्रे झाली. ‘ब्रासो’ म्हणजे बाहू; ज्याचे बाहूच हवे आहेत तो ब्रासेरो, असा या शब्दातील ध्वनी होय. कामावरील दुखापतीसाठी उपचार व भरपाई यांची हमी करारपत्रात नोंदविलेली होती. कागदावर पाहता अनेक स्थानिक शेतमजुरांपेक्षा ब्रासेरोची स्थिती बरी होती.

व्यवहारात मात्र मजुराचे वास्तव्य त्याच्या करारावर अवलंबून होते. करार संपला की परतीची वाट धरावी लागे; तक्रार करणाऱ्याला पुन्हा काम मिळण्याची शाश्वती नसे. मेक्सिकोत जन्मलेले अभ्यासक व कामगार संघटक एर्नेस्तो गालार्सा यांनी १९५० च्या दशकात या मजुरांच्या वसाहतींची पाहणी करून करारातील हमी आणि प्रत्यक्ष स्थिती यांतील तफावत उघड केली. १७ सप्टेंबर १९६३ रोजी कॅलिफोर्नियातील चुआलार गावाजवळ, शेतावरून मजुरांना परत नेणाऱ्या एका ट्रकला रेल्वेगाडीने धडक दिली. सपाट हौद्याच्या ट्रकवर आच्छादन घालून त्याची ‘बस’ बनविलेली होती. ३२ मजूर मृत्युमुखी पडले. वाहनचालकावर खटला झाला व तो निर्दोष सुटला. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या शिक्षण व कामगार समितीने या अपघाताच्या चौकशीचे काम गालार्सा यांच्याकडे सोपविले होते. योजनेविरुद्ध आधीच तयार होत असलेले जनमत या दुर्घटनेने अधिक तीव्र झाले.

संघटन आणि न्यायालयीन मार्ग

योजना बंद पडल्यानंतरच्या दशकात स्पॅनिशभाषक शेतमजुरांनी संघटना आणि न्यायालय या दोन्ही मार्गांचा अवलंब केला. लेट्यूससारख्या पिकांच्या विरळणीसाठी वापरली जाणारी आखूड दांड्याची कुदळ हे त्याचे ठळक उदाहरण होय. मजूर तिला ‘एल कोर्तितो’, म्हणजे ‘आखुडली’, म्हणत. दिवसभर कमरेतून वाकून काम केल्याने पाठीचा कणा कायमचा निकामी होत असे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅलिफोर्निया रुरल लीगल असिस्टन्स’ या विधिसाहाय्य संस्थेच्या वकिलांनी वैद्यकीय पुरावा उभा केला आणि १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर हे अवजार हद्दपार झाले. अपघात एका क्षणात घडतो तसा तो वर्षानुवर्षे हळूहळूही घडू शकतो, ही जाणीव या लढ्याने कायद्याच्या क्षेत्रात आणली.

याच काळात कायदेशीर प्रवेशाचे मार्ग अरुंद होत गेले. १९६५ च्या कायद्याने पश्चिम गोलार्धातील स्थलांतरावर प्रथमच संख्येची मर्यादा घातली, तर १९७६ च्या दुरुस्तीने मेक्सिकोलाही प्रतिदेश २०,००० ची मर्यादा लागू झाली. मजुरांची मागणी मात्र घटली नाही. परिणामी पूर्वी करारपत्र घेऊन येणारा मजूर आता कागदपत्रांविना येऊ लागला. १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना वैध वास्तव्य दिले. त्याचबरोबर काम करण्याची परवानगी नसलेल्यास जाणूनबुजून कामावर ठेवणे बेकायदेशीर ठरविले.

हॉफमन निर्णय व त्याचे पडसाद

या दोन दिशांनी जाणाऱ्या कायद्यांचा संघर्ष २७ मार्च २००२ रोजी ‘हॉफमन प्लास्टिक’ खटल्यात समोर आला. संघटनेला पाठिंबा दिल्याबद्दल काढून टाकलेल्या एका मेक्सिकन कामगाराला बुडालेले वेतन देण्याचा राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला. त्याला काम करण्याचा परवाना नव्हता, हे त्यामागील कारण होते. अशा कामगाराला भरपाई नाकारल्यास त्याला कामावर ठेवणे मालकाला स्वस्त पडेल आणि कायदा मोडण्यास उत्तेजनच मिळेल, असे न्यायमूर्ती ब्रेयर यांनी आपल्या भिन्न मतात दाखवून दिले.

खटला दुखापतीचा नसतानाही विमा कंपन्यांनी व मालकांनी त्याचा आधार घेतला. राज्याराज्यांत उत्तरे वेगवेगळी आली. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये परवाना नसलेल्या कामगाराचाही तात्पुरत्या अपंगत्वाच्या भरपाईवरील हक्क मान्य केला. त्याच वर्षी मिशिगनमधील अपील न्यायालयाने वैद्यकीय खर्च मान्य केला, पण खोटी कागदपत्रे वापरल्याच्या कारणावरून वेतनभरपाई रोखता येईल असे ठरविले. वायोमिंगच्या कायद्याने परवाना असलेल्या परकीयांनाच कामगाराच्या व्याख्येत स्थान दिले. उलट कॅलिफोर्नियाने २००२ मध्येच कायदा करून राज्याचे कामगारविषयक संरक्षण वास्तव्याच्या स्थितीवर अवलंबून नाही असे जाहीर केले, आणि न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २००६ मध्ये बांधकामावर जखमी झालेल्या अशा कामगारांना बुडालेल्या वेतनासाठी दावा करण्याची मुभा दिली.

कामगाराला कायद्याबाहेर ठेवणे मालकाच्याही हिताचे असतेच असे नाही. भरपाई कायदा ज्याला लागू नाही, त्याचा दिवाणी दावा लावण्याचा जुना अधिकार पुन्हा जागा होतो, असा युक्तिवाद शक्य होतो. मूळ तडजोडीची एक बाजू काढून घेतली की दुसरी बाजूही डळमळते, ती अशी.

हक्क आणि भीती

बहुसंख्य राज्यांत हक्क मान्य होऊनही तो मागणे सोपे झाले नाही. फ्लोरिडाने २००३ मध्ये कायद्यात केलेल्या बदलाने नोकरी किंवा भरपाई मिळविण्यासाठी खोटी ओळख देणे गंभीर गुन्हा ठरले. ‘प्रोपब्लिका’ आणि ‘एनपीआर’ या वृत्तसंस्थांनी २०१७ मध्ये केलेल्या तपासात या तरतुदीखाली जवळजवळ ८०० अटका झाल्याचे व त्यांत किमान १३० जखमी कामगार असल्याचे आढळले. बॉस्टनमध्ये २०१७ साली शिडीवरून पडून मांडीचे हाड मोडलेल्या होंडुरासच्या एका कामगाराला मालकाने बोलावून घेतले आणि तेथेच स्थलांतर अधिकाऱ्यांनी त्याला पकडले. केंद्रीय कामगार खात्याने मालकावर दावा लावला आणि २०२१ मध्ये ज्यूरीने कामगाराला ६,५०,००० डॉलर देवविले. न्याय मिळाला, परंतु तो मिळेपर्यंत चार वर्षे गेली.

भाषेचा अडसरही दुय्यम नाही. केंद्रीय कामगार सुरक्षा प्रशासनाने (ओशा) २०१० मध्ये, सुरक्षेचे प्रशिक्षण कामगाराला समजेल अशा भाषेतच द्यावे, असे स्पष्ट केले. शब्दांचे साम्यही फसवे ठरते. लॅटिन अमेरिकेत ‘नोतारिओ’ म्हणजे विधिज्ञ. अमेरिकेतील ‘नोटरी’ केवळ स्वाक्षरी प्रमाणित करतो. या गैरसमजाचा लाभ उठविणाऱ्यांकडे गेलेला कामगार पैसे तर गमावतोच, पण दाव्याची मुदतही गमावून बसतो.

समारोप

१९४२ च्या ब्रासेरोकडे करार होता, पण परत पाठविले जाण्याचे भय होते. त्यानंतरच्या कामगाराकडे अनेक राज्यांत कायदा आहे, पण भय तेच आहे. या आठ दशकांत भरपाईचे मूळ तत्त्व फारसे बदलले नाही. तत्त्वाजवळ पोहोचण्याची वाट बदलत राहिली. ज्या राज्यांनी दुखापतीचा प्रश्न वास्तव्याच्या प्रश्नापासून वेगळा ठेवला, तेथे हक्काला अर्थ उरला. जेथे दोहोंची सरमिसळ झाली, तेथे जखमी माणसाने गप्प राहणेच पसंत केले. आणि जखम लपविली गेली की ती ज्या धोक्यामुळे झाली तो धोकाही जागच्या जागी राहतो. त्याच शिडीवर दुसऱ्या दिवशी दुसरा कामगार चढतो, मग तो कागदपत्रे असलेला असो वा नसलेला. म्हणूनच या कामगारांच्या हक्कांचा प्रश्न हा केवळ स्थलांतरितांचा नसून कामाच्या जागी असणाऱ्या सर्वांच्याच सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.